चंद्रावरचा पसारा

मधूभाऊजी,

काल शनिवार. संध्याकाळचे सात वाजले आणि पर्थहून फोन आला, नेहमीसारखा, एक मिनिट इकडेतिकडे नाही. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले होते. मधले दोन शनिवार सगळ्यांनीच न बोलता सोडून दिले होते. काल मात्र पडद्यावर निहार आणि सई हजर. त्यांच्याकडे रविवारची सकाळ, केस विस्कटलेले, हातात दुधाचे मग. निहारने नमस्कार वगैरे काही न करता सरळ विचारलं, "आजी, आजचा ऑब्जेक्ट कोणता?"

मी म्हटलं, "अरे, ते तर मधूआजोबांचं काम."

"सो? यू हॅव द रजिस्टर."

खरं होतं. रजिस्टर माझ्याकडेच होतं.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार ती दोघं. बोललेलं मराठी त्यांना कळतं, वाचायला मात्र आई लागते. म्हणजे अनघा हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवील, तेव्हा सोपं लिहिते. तुमचा जन्म, शिक्षण, कारखान्यातल्या नोकरीची वर्षं हे सगळं मराठी मंडळाच्या पत्रकात येईलच. ते मीच लिहून दिलं आहे, सनावळीसकट. इथे ते नको.

तुमचे दादा, म्हणजे माझे हे, गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मधू इथे हॅमिल्टनमध्येच कुठेतरी स्वतःचा कॉन्डो-फ्लॅट बघेल. तुम्ही बेसमेंटमधून हलला नाहीत. वर मी, खाली तुम्ही, आणि मधल्या जिन्यावर दिवसभर भांडण. लग्न न केलेला धाकटा दीर इतकी वर्षं थोरल्या भावाच्या घरात राहतो, हे शेजाऱ्यांना समजावून सांगण्यात माझं निम्मं इंग्रजी खर्ची पडलं. "ही इज माय ब्रदर-इन-लॉ" एवढं म्हणून भागायचं नाही. शेवटी समोरच्या बाईंनीच एकदा विचारलं, "दि वन हू आर्ग्यूज?" मी म्हटलं, "येस, दॅट वन."

भांडायला विषय कमी नव्हते. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ सरळ रेघांत काढायची, तुम्ही वेडावाकडा, मनाला येईल तिथून शोव्हल करायचा. मी ग्रोसरीची यादी दुकानातल्या रांगांच्या क्रमाने करायची, तुम्ही यादी घरी विसरून दोन किलो भेंडी घेऊन यायचा. पण आपलं खरं भांडण एकच होतं. चंद्रावर माणसांनी जे सामान टाकलं आहे, ते आवरावं की राहू द्यावं.

त्याची सुरुवात निहारने केली, पाच-सहा वर्षांचा असताना. चंद्रावर गेलेल्या लोकांचे फोटो बघून त्याने विचारलं, त्यांनी सगळं परत आणलं का? तुम्ही म्हणालात, नाही रे, बरंच तिथेच ठेवून आले. "व्हॉट हॅपन्ड टू इट?" बस. त्या प्रश्नावर तुम्ही इतके शनिवार काढलेत. दर वेळी एक वस्तू. कोणी ठेवली, कशाची होती, आणि आता तिचं काय झालं असेल. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात आयुष्य काढलेली बाई. मला राहवलं नाही. मी एक जाड वही घेतली, रेघा मारल्या आणि रकाने केले: वस्तू, कोणत्या यानाची, सध्याची स्थिती. शेवटच्या रकान्याचे तुम्ही दोन भाग करायला लावलेत, "नक्की माहीत" आणि "अंदाज". दोन्ही एकत्र लिहिलेलं तुम्हाला चालायचं नाही.

झेंडे: काही उभे आहेत, त्यांच्या सावल्या वरून घेतलेल्या फोटोंत दिसतात, हे नक्की. रंग उडून पांढरेफटक झाले असतील, हा अंदाज. एका अंतराळवीराने आपल्या कुटुंबाचा फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून जमिनीवर ठेवला होता. तो ठेवला हे नक्की. आता नुसता कोरा कागद उरला असेल, हा अंदाज. सईला त्याचं फार वाईट वाटलं होतं. तुम्ही तिला म्हणालात, "अगं, फोटो काढताना ते सगळे हसत होते की नाही? ते थोडंच पुसलं जातंय." मग आरसे. पृथ्वीवरून लेझरचा झोत सोडला की तो अजून परत येतो. त्यावरूनच कळतं की चंद्र आपल्यापासून दर वर्षी थोडा लांब जातो, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाने. हे ऐकून निहारने महिनाभर नखं कापली नाहीत. अनघाचा मला फोन, "आई, काकाला सांग काहीतरी."

आणि त्या पिशव्या! अंतराळवीरांच्या शी-शूच्या पिशव्याही तिथेच आहेत हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा सई हसून हसून खुर्चीवरून खाली पडली होती. मी वहीत लिहायला नकार दिला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमच्या हॉस्पिटलात काय गुलाबपाण्याच्या नोंदी होत्या का?" लिहिलं मग. एकोणीस नंबरची नोंद.

तुम्ही जन्मभर गंजावर काम केलंत. पोलादाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये कोणता पत्रा किती वर्षांत किती गंजतो, हे बघणं तुमचं काम. त्यामुळे प्रत्येक वस्तूनंतर तुमचा एक ठरलेला शेरा असायचा: "गंज नाही. हवा नाही, पाणी नाही, गंजणार कशी? मी तिथे असतो तर पहिल्याच दिवशी नोकरी गेली असती." मुलं दर वेळी तितकीच हसायची.

आणि मग माझी पाळी. मी म्हणायची, गंज असो की नसो, तो कचराच. इथे कुठल्याही प्रांतीय उद्यानात जा, दारातच पाटी असते: जे आणलंत ते परत न्या. रानात ते चालत नाही, मग चंद्रावर कसं चालतं?

"चंद्रावर ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनची गाडी येत नाही, वहिनी."

"मग न्यायचंच कशाला एवढं सामान?"

"काहून त्या बिचाऱ्या चंद्राच्या मागे लागता? राहू द्या की पडलेलं."

आणि शेवटी मुलांकडे बघून, डोळे मिचकावून, "चंद्रावर बरं आहे. तिथे आवरायला वहिनी नाहीत."

मुलं हसायची. मीही हसायची. पण ते वाक्य मला दर वेळी टोचायचं. का, ते तुम्हाला माहीत होतं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

काल मी मुलांना ते सांगितलं. वही उघडली, चाळली, आणि म्हटलं, "आजची वस्तू चंद्रावरची नाही. आपल्या मागच्या अंगणातली आहे. आणि ती आता कुठेच नाही."

अनघाचं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. पुण्याहून, नागपुरातून माणसं यायची होती. तुम्ही सहा आठवडे नागपूरला गेला होता. मी घर आवरायला घेतलं. मी आवरायला घेतलं की काय होतं, ते तुम्ही पुष्कळ वेळा बघितलं आहे. बेसमेंट सोडून सगळं झालं आणि मी अंगणात आले. मागच्या कुंपणावर, रस्त्याच्या बाजूला, तुम्ही लाकडी चौकटीत लोखंडाच्या पट्ट्या अडकवून ठेवल्या होत्या. हाताच्या पंजाएवढ्या. कोणी तपकिरी, कोणी नारिंगी, कोणाचे पोपडे सुटलेले. बर्फावर टाकलेलं मीठ गाड्यांच्या चाकांनी उडायचं, ते त्यांच्यावर येऊन बसायचं. मला त्या कधीच आवडल्या नव्हत्या. शिक्षा झालेली मुलं उन्हात उभी करावीत तशा त्या ओळीत उभ्या. व्याही मंडळी येणार, चहा अंगणात होणार, आणि समोर हे गंजकं प्रदर्शन! भंगारवाल्याला फोन केला. तो घेऊन गेला. कुंपणाला फिकट निळा रंग दिला.

तुम्ही परत आलात. अंगातला कोटही काढला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहिलात.

"वहिनी, माझ्या पट्ट्या?"

"कुठल्या? ते गंजकं होय? दिलं भंगारात. कसं दिसतंय कुंपण?"

तुम्ही म्हणालात, "हं." मग बॅगा घेऊन खाली गेलात, आणि संध्याकाळी लग्नाच्या याद्या करायला वर आलात. लग्नात तुम्ही इतके नाचलात, आणि इतरांना नाचवलंत, की व्याहीबुवांची कंबर धरली. त्या पट्ट्यांचं नाव पुन्हा कधी निघालं नाही. मी समजले, काही महत्त्वाचं नव्हतं.

ते काय होतं हे मला कळलं चंद्रामुळे. एका शनिवारी मी फारच जोरात होते. म्हटलं, लोक चंद्रावर परत जाणारच आहेत, तर पहिल्या फेरीत सगळं गोळा करून आणा आणि विषय संपवा. तेव्हा तुम्ही एरवीसारखी चेष्टा केली नाहीत. मुलांना म्हणालात, "एका यानातली माणसं आधी उतरलेल्या एका यंत्राजवळ गेली होती. त्याचा कॅमेरा आणि काही तुकडे कापून घेऊन आली. का? दोन-अडीच वर्षांत चंद्राने त्याचं काय केलं, ते बघायला. आता तिथे जे पडलंय ते अर्ध्या शतकाहून जास्त पडलंय. असा प्रयोग आपण ठरवून करू शकत नाही, कारण वर्षं विकत मिळत नाहीत. एखादा पत्रा उघड्यावर ठेवायचा, वजन लिहून ठेवायचं, आणि वाट बघायची. मध्ये हात लावायचा नाही. काम एवढंच. पण मध्ये कोणी उचलून नेला, की पुन्हा पहिल्या दिवसापासून."

तुम्ही मुलांशी बोलत होता. माझ्याकडे बघितलंही नाहीत. मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं. मला त्या पट्ट्यांच्या कडांना पाडलेल्या खाचा आठवल्या. एकीला एक खाच, दुसरीला दोन. मी त्या बघितल्या होत्या. नोंदी ठेवणारी बाई मी. खाचा म्हणजे नंबर, हे मला कळायला हवं होतं. ती चौकट या घरात आपण आलो त्या वर्षी तुम्ही लावली होती. म्हणजे लग्नापर्यंत अकरा वर्षं. अकरा हिवाळे मी भंगारात दिले, आणि वर विचारलं, कसं दिसतंय कुंपण.

त्या रात्रीच्या जेवणाला मी तुमच्या आवडीचा पाटवडीचा रस्सा केला. तुम्ही म्हणालात, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "बेसन संपवायचं होतं."

हे असं माझं.

त्यानंतर एकदा फार चांगली संधी आली होती. सकाळी चहाबरोबर बातम्या वाचत होते. बातमी दोन-तीन वर्षं जुनी होती, तुमच्या नजरेतून कशी सुटली देव जाणे. मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडले, "अहो मधूभाऊजी! चंद्रावर गंज सापडला!"

खाली काहीतरी आपटलं. तुम्ही वर आलात ते अर्ध्या गालाला साबणाचा फेस तसाच.

"वस्तूंवर?"

"नाही. दगडांत. ध्रुवांच्या बाजूला."

"कोणी शोधला?"

"भारताच्या पहिल्या चंद्रयानाने मोजलेल्या माहितीतून निघालं म्हणे."

"वाचा. एक शब्द गाळू नका."

मी वाचलं. पृथ्वीच्या वातावरणाच्या अगदी वरच्या थरातला ऑक्सिजन थोडाथोडा चंद्रापर्यंत वाहत जात असावा, आणि तिथल्या दगडांतल्या लोखंडाला त्यानेच गंज चढला असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क होता. तुम्ही खुर्चीवर बसलात. मला वाटलं, इतकी वर्षं "गंज नाही, गंज नाही" म्हणून मुलांना सांगितलं, आता पंचाईत झाली. तर तुम्ही हसायलाच लागलात. फेस शर्टावर गळतोय, आणि तुम्ही टेबलावर थापा मारताय. "म्हणजे आपली हवा तिकडे जाते! वहिनी, इकडच्या झाडांनी सोडलेली हवा तिकडे जाऊन लोखंड गंजवते! मी चुकलो! पूर्ण चुकलो!" शनिवारपर्यंत तुम्हाला धीर नव्हता. पर्थमध्ये मुलांची झोपायची वेळ होती, तरी फोन लावलात. मग आनंदाने शिरा केलात, बुडाला लागलेला. आपण तो सगळा संपवला.

बरोबर ठरून मला जेवढा आनंद कधी झाला नाही, तेवढा तुम्हाला चुकून झाला. त्या दिवशी शिरा खाताना वाटलं होतं, या माणसाजवळ चूक कबूल करणं किती सोपं आहे. आत्ता सांगावं. तुम्ही तेवढ्यात विचारलंत, "साखर कमी झाली का हो?" आणि मी साखरेबद्दल बोलले.

काल मुलांनी हे सगळं ऐकून घेतलं. निहारचं तोंड उघडं राहिलं होतं.

"वेट. यू थ्रू आउट हिज एक्सपेरिमेंट?"

"हो."

"इलेव्हन इयर्स?"

"हो रे बाबा."

सईने विचारलं, "आजी, डिड यू से सॉरी?"

"नाही."

"व्हाय नॉट?"

मी म्हटलं, आधी चूक झाली हे माहीत नव्हतं म्हणून, आणि नंतर माहीत होतं म्हणून. सईला ते पटलं नाही. "दॅट्स नॉट अ रीझन," ती म्हणाली. नऊ वर्षांची मुलगी, पण बरोबर बोलली.

तेवढ्यात अनघा कॉफीचा मग घेऊन पडद्यात आली. ती मागे उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आई, म्हणजे माझ्या लग्नासाठी काढल्यास त्या? मला काका काहीच बोलला नाही. उलट आम्ही लग्नाच्या हॉलवर निघालो ना त्या दिवशी, सगळे अंगणात उभे होते, तेव्हा मला म्हणाला, 'कुंपणाचा रंग बघ. तुझ्या आईने काय सुंदर निळा निवडलाय. लग्नाचे फोटो याच्यासमोर काढा.' आम्ही काढले की! अल्बमच्या पहिल्याच पानावर आहे, तू, मी, काका."

तो फोटो मी शंभर वेळा बघितला असेल. तुम्ही मधोमध उभे, फेटा कलंडलेला, हसताय. मागे निळं कुंपण. त्या जागेवर खरं काय होतं आणि आता नाही, हे त्या क्षणी तिथे फक्त तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही माझ्या मुलीला रंग बघायला सांगत होता. मला नाही सांगितलंत. का, ते आता विचारता येणार नाही. मला लाज वाटू नये म्हणून, असं समजायला मला आवडेल. पण तुमच्या नियमाने लिहायचं तर फोटो काढला हे नक्की, बाकी अंदाज.

फोन ठेवल्यावर मी टेबलाशी बसले. बाहेर अजून उजेड होता, एप्रिलचा. रडू आलं, आणि मग तो कलंडलेला फेटा आठवून हसूही आलं. असो. जे करायचं ते करते.

मधूभाऊजी, तुमच्या पट्ट्या मी तुम्हाला न विचारता टाकल्या. अकरा वर्षांचं काम गेलं. मला त्याची किंमत कळली तेव्हाही मी गप्प बसले. माझं चुकलं. मला माफ करा.

लिहून झालं. एवढंच होतं. समोरासमोर एक मिनिट लागलं असतं. निहार, सई, अनघा हे वाचून दाखवील तेव्हा तुम्ही साक्षीदार. सईने विचारलं होतं ना, हे तिचं उत्तर.

आता दुसरा मुद्दा. मी माफी मागितली ती कुंपणावरच्या पट्ट्यांची. चंद्राबद्दल माझं मत बदललेलं नाही. आरसे राहू द्या, ते कामाचे आहेत. झेंडे राहू द्या. यंत्रांचे सांगाडे प्रयोग म्हणून ठेवा, मान्य. तुमच्यासाठी एवढी मी मागे आले. पण एकोणीस नंबरची नोंद? त्यांतले जंतू जगले की मेले ते बघायचंय, असं तुम्ही म्हणायचा. बघा ना. एकदा जा, बघा, आणि येताना घेऊन या. दुसऱ्याच्या दारात असल्या पिशव्या ठेवून कोणी निघून येत नाही.

हे मी कालच फोनवर ठणकावून सांगितलं. निहार म्हणाला, नो वे, नथिंग गेट्स टच्ड, आणि इथून पुढे तो तुमच्या बाजूने बोलणार आहे. सई माझ्या बाजूला. शनिवार ठरला. त्याने आतापासून मुद्दे लिहून काढायला घेतलेत, असं अनघा सांगत होती. तुमच्यासारखी समोरच्याला बोलता बोलता हसवून गप्प करायची कला त्याच्यात अजून नाही. बारा वर्षांचा आहे, जिंकायची फार घाई करतो. पण काल मी, त्या पिशव्या तिथे कोणाच्याच कामाच्या नाहीत, असं म्हणत होते, तेव्हा त्याने मला मध्येच अडवून विचारलं, "आजी, इज दॅट नक्की, ऑर अंदाज?"

आणि मधूभाऊजी, मी वही पुढे ओढली आणि माझं म्हणणं "अंदाज"च्या रकान्यात लिहिलं.